दोन बैल, एक जू : एका संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे जोडण्याचा इतिहास

१/२०
सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीने एक छोटीशी सूचना प्रसिद्ध केली. १ जानेवारी २०२१ पासून आधीच्या पिढ्यांच्या ग्राफिक्स कार्डांसाठी ‘एसएलआय’ची नवी प्रोफाइले तयार केली जाणार नाहीत, एवढाच तिचा आशय होता. या रुक्ष वाक्यासरशी घरगुती संगणकाच्या इतिहासातील एक मोठे स्वप्न निकालात निघाले. एका संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे बसवावीत आणि दुप्पट काम करून घ्यावे, असे ते स्वप्न. १९९८ मध्ये ते बऱ्याच अंशी खरेही ठरले होते. मग पुढे यंत्रे इतकी सुधारत गेली असताना ही जोडी का मोडली? आणि ती खरोखरच मोडली का?

२/२०
कथेचा आरंभ १९९४ चा. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे रॉस स्मिथ, गॅरी टॅरोली आणि स्कॉट सेलर्स यांनी ‘थ्रीडीएफएक्स’ ही कंपनी स्थापन केली. त्रिमितीय चित्रे त्या काळी सिलिकॉन ग्राफिक्ससारख्या कंपन्यांच्या महागड्या यंत्रांवरच शक्य होती. १९९६ मध्ये मेमरी चिपांचे भाव कोसळले आणि या तरुण कंपनीला घरगुती ग्राहकाच्या खिशाला परवडेल असे कार्ड काढता आले. त्याचे नाव ‘व्हूडू ग्राफिक्स’. ते केवळ त्रिमितीय चित्रे काढी; रोजच्या द्विमितीय कामासाठी संगणकात दुसरे, साधे कार्ड असावेच लागे. दोन्ही कार्डे बाहेरून एका केबलने जोडली जात. एका पेटीत दोन कार्डे ही कल्पना अशी प्रथमपासूनच घरात आलेली होती. फक्त कामाची वाटणी वेगळी होती.

३/२०
ग्राफिक्स कार्ड नेमके काय करते, हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. त्रिमितीय खेळातील भिंत, माणूस, बंदूक हे सारे लहान लहान त्रिकोणांनी बनलेले असते. प्रथम प्रत्येक त्रिकोण पडद्यावर कोठे पडेल याचे गणित करावे लागते. मग त्या त्रिकोणातील प्रत्येक बिंदूचा, म्हणजे पिक्सेलचा, रंग ठरवावा लागतो. हे दुसरे काम अवाढव्य असले तरी एका अर्थी सोपे आहे. कारण एका पिक्सेलचा रंग ठरवताना शेजारच्या पिक्सेलचा रंग सहसा विचारावा लागत नाही. म्हणजेच काम वाटून देता येते. दोन कार्डांच्या जोडीचा सारा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे : कामाचे तुकडे एकमेकांवर किती अवलंबून आहेत?

४/२०
१९९८ च्या आरंभी ‘व्हूडू २’ बाजारात आले आणि त्यासोबत ‘स्कॅन लाइन इंटरलीव्ह’, म्हणजेच एसएलआय, हे नाव घरोघरच्या खेळाडूंना ठाऊक झाले. रचना अगदी सरळ होती. सारखी दोन व्हूडू २ कार्डे शेजारशेजारच्या पीसीआय खाचांत बसवायची आणि संगणकाच्या आत एका चपट्या केबलने जोडायची. त्या काळच्या काचेच्या नळीच्या पडद्यावर चित्र आडव्या रेषांनी, वरून खाली उमटत असे. एका कार्डाने विषम क्रमांकाच्या रेषा काढायच्या, दुसऱ्याने सम क्रमांकाच्या. पडद्यावर दोन्ही एकत्र आल्या की चित्र पूर्ण. एकाच जुवाखाली दोन बैल चालावेत, तसे.

५/२०
येथे एक शंका स्वाभाविक आहे. एका कार्डाला वरचा अर्धा पडदा आणि दुसऱ्याला खालचा, अशी सोपी वाटणी का केली नाही? कारण खेळातील चित्राच्या वरच्या भागात बहुधा आकाश असते आणि खालच्या भागात घरे, माणसे, झाडे, धूर. वरचा कामगार लवकर मोकळा होऊन बसला असता आणि खालचा घाम गाळत राहिला असता. चित्र मात्र दोघांचे काम झाल्यावरच पुरे होणार. उलट, सातवी रेषा आणि आठवी रेषा यांत फारसा फरक नसतो. एकाआड एक रेषा वाटल्या की दोघांवरचा भार आपोआप समान होतो. कोणी मुकादम नेमावा लागत नाही. या साध्या युक्तीतच व्हूडू २ च्या यशाचे मर्म होते.

६/२०
परिणाम ठळक होता. एकटे व्हूडू २ कार्ड ८०० × ६०० पिक्सेलांपर्यंत जाई. जोडी १०२४ × ७६८ पर्यंत पोहोचे. चित्र साठवण्याची मेमरी दोघांत वाटली गेल्यामुळे मोठे चित्र मावू लागले. मात्र भिंतींवरची, कपड्यांवरची चित्रे, म्हणजे टेक्स्चर, प्रत्येक कार्डाला स्वतःजवळच ठेवावी लागत. कारण कोणत्याही भिंतीच्या निम्म्या रेषा प्रत्येकाच्या वाट्याला येणारच. म्हणून १२ मेगाबाइटांची दोन कार्डे जोडली तरी टेक्स्चरसाठीची जागा दुप्पट होत नसे. १२ मेगाबाइटांच्या एका कार्डाची किंमत सुमारे ३०० डॉलर होती. ‘क्वेक २’ उंची थाटात खेळण्यासाठी ६०० डॉलर मोजणारे शौकीन तरीही निघाले.

७/२०
या यशामागे दोन अटी दडलेल्या होत्या. त्या वेळी त्या कोणाला जाचल्या नाहीत. पहिली अट : प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र असला पाहिजे. दुसरी अट : त्रिकोणांचे स्थान ठरवण्याचे गणित कार्डाबाहेर, संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर झाले पाहिजे. व्हूडू २ च्या काळात हे गणित प्रोसेसरच करी आणि तयार त्रिकोण दोन्ही कार्डांकडे पाठवी. म्हणजे कार्डांकडे केवळ रंगकाम उरे, आणि रंगकाम रेषारेषांनी वाटता येई. पुढील वीस वर्षांत या दोन्ही अटी एकेक करून ढासळत गेल्या. जोडीच्या ऱ्हासाचे मूळ कंपन्यांच्या भांडणांपेक्षा येथे अधिक सापडते.

८/२०
पहिला अडथळा मात्र खाचेचा आला. ग्राफिक्ससाठी ‘एजीपी’ नावाची वेगवान खाच प्रचारात आली, आणि सामान्य मदरबोर्डवर ती एकच असे. दोन कार्डे लावायची कोठे? तेव्हा एटीआय या कॅनडातील कंपनीने १९९९ च्या अखेरीस एकाच कार्डावर दोन चिपा बसवल्या : ‘रेज फ्युरी मॅक्स’. तिने वाटणीचा प्रकारही बदलला. रेषा वाटण्याऐवजी संपूर्ण चौकटी, म्हणजे फ्रेम, आळीपाळीने वाटल्या. पहिली फ्रेम पहिल्या चिपेची, दुसरी दुसऱ्या चिपेची. पण विंडोज २००० आली आणि या कार्डाची दुसरी चिप तिच्यात निरुपयोगी ठरली. एजीपीवर अशी दोन यंत्रे एकत्र असू शकतात, हे त्या प्रणालीच्या हिशेबातच नव्हते.

९/२०
त्याच वर्षी एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ आणले आणि त्याचा गाजावाजा जगातील पहिला ‘जीपीयू’ म्हणून केला. त्यातील खरी नवलाई अशी की त्रिकोणांचे गणितही आता कार्डावरच होऊ लागले. दुसरी अट येथे मोडली. कारण त्रिकोण विषम रेषांवरही असतो आणि सम रेषांवरही. म्हणून रेषा वाटून घेतल्या तरी त्याचे गणित दोन्ही कार्डांना पूर्णच्या पूर्ण करावे लागणार. थ्रीडीएफएक्स जुन्या वाटेवरच राहिली. २००० मधील ‘व्हूडू ५ ५५००’ कार्डावर दोन चिपा होत्या, पण त्रिकोणांचे गणित करण्याची सोय नव्हती. चार चिपांच्या ‘व्हूडू ५ ६०००’ ला वीज पुरवण्यासाठी बाहेरून वेगळा अडॅप्टर लागणार होता. ते कार्ड विक्रीला आलेच नाही.

१०/२०
तोवर कंपनीचा पायाही खचला होता. थ्रीडीएफएक्सने कार्ड बनवणारी ‘एसटीबी सिस्टिम्स’ ही कंपनी विकत घेऊन स्वतःच कार्डे विकायचे ठरवले. परिणामी आजवर तिच्या चिपा घेणारे इतर उत्पादक दुरावले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दाराशी गेले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली तंत्रविषयक मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. ज्या कंपनीने एसएलआय हे नाव घरोघरी नेले तिचा वारसा अशा रीतीने प्रतिस्पर्ध्याच्या घरी गेला. त्या वारशात ती तीन अक्षरेही होती.

११/२०
२००४ मध्ये ‘पीसीआय एक्स्प्रेस’ ही नवी खाच आली. तिच्या वाहिन्या विभागता येत. म्हणून १६ वाहिन्यांची एक खाच देण्याऐवजी प्रत्येकी ८ वाहिन्यांच्या दोन खाचा देणे शक्य झाले. एनव्हिडियाने त्याच वर्षी ‘जीफोर्स ६८००’ च्या पिढीबरोबर एसएलआयचे पुनरुज्जीवन केले. अक्षरे तीच, अर्थ नवा : ‘स्केलेबल लिंक इंटरफेस’. दोन कार्डांच्या माथ्यावर एक छोटा पूल बसवायचा, की जोडी तयार. नावातून ‘स्कॅन लाइन’ गेली होती आणि ते योग्यही होते. कारण रेषांची वाटणी आता कालबाह्य झाली होती.

१२/२०
नव्या एसएलआयमध्ये वाटणीच्या दोन मुख्य पद्धती होत्या. पहिलीत पडदा आडवा दुभागला जाई. मात्र दुभागणारी रेषा भार पाहून वरखाली सरके. आकाशाची अडचण अशी सुटली, पण त्रिकोणांचे गणित दोघांनाही करावे लागण्याची अडचण उरलीच. दुसरी पद्धत फ्रेम आळीपाळीने देण्याची. तीत गणित आणि रंगकाम दोन्ही वाटले जाई, म्हणून आकड्यांत सर्वाधिक लाभ तीच दाखवी. कंपन्यांनी तिचाच अधिकाधिक आश्रय घेतला. या निवडीत एक नवी अट मात्र गुपचूप आत आली : यापुढे पिक्सेलच नव्हे, तर फ्रेमही एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत.

१३/२०
एटीआय मागे राहणे शक्य नव्हते. २००५ मध्ये तिने ‘क्रॉसफायर’ आणले. आरंभी त्यासाठी एक खास ‘मुख्य’ कार्ड घ्यावे लागे आणि दोन कार्डे संगणकाच्या मागून केबलने जोडावी लागत. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडून चित्र वाटण्याची पद्धतही तीत होती. पुढील वर्षी केबल जाऊन आतला पूल आला. त्याच वर्षी एएमडीने एटीआय विकत घेतली. २०१३ च्या ‘आर९ २९०एक्स’ मध्ये तर पूलही नाहीसा झाला आणि दोन कार्डे थेट पीसीआय एक्स्प्रेसमधून बोलू लागली. दरम्यान दोनांच्या तीन आणि चार कार्डांपर्यंत मजल गेली होती. विजेची मागणी, उष्णता आणि पंख्यांचा आवाज यांचीही तशीच वाढ झाली.

१४/२०
दोन कार्डे लावली म्हणजे वेग दुप्पट, हा समज गणितानेच खोडला जातो. जीन अमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो. समजा, एका फ्रेमला १०० एकके वेळ लागतो आणि त्यातील २० एककांचे काम वाटताच येत नाही. उरलेली ८० दोघांनी वाटून घेतली तर ४० होतात, एकूण ६०. म्हणजे पैसे दुप्पट मोजून वेग मिळाला १.६७ पट. शिवाय प्रत्येक खेळाची घडण निराळी. कोणते काम कसे वाटावे याची सूचनावली, म्हणजेच प्रोफाइल, कंपनीच्या अभियंत्यांना एकेका खेळासाठी तयार करावी लागे. ती येईपर्यंत नव्या खेळात दुसरे कार्ड बहुधा नुसते बसून राही.

१५/२०
त्याहून सूक्ष्म दोष नजरेला जाणवे, पण आकड्यांत दिसत नसे. समजा, दोन कार्डांच्या फ्रेम ४ आणि २९ मिलिसेकंदांच्या आलटून पालटून अंतराने पडद्यावर येत आहेत. सरासरी १६.५ मिलिसेकंद, म्हणजे मोजणी सांगणार, सेकंदाला सुमारे ६० फ्रेम. पण एकमेकींना चिकटून आलेल्या दोन फ्रेम डोळ्याला जवळपास एकच भासतात आणि गती ३० फ्रेमांसारखी अडखळत वाटते. २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॉसन यांनी सरासरीऐवजी प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याचा आग्रह धरला. २०१३ मध्ये अधिक नेमकी मोजणी झाल्यावर क्रॉसफायरमधील हा दोष उघड झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीला फ्रेमांची चाल सारखी करणारा ड्रायव्हर काढावा लागला.

१६/२०
अडखळणे दुरुस्त करता आले. चित्रकलेतच झालेला बदल मात्र परतवता आला नाही. २०१० च्या दशकात खेळ मागील फ्रेममधील माहिती पुढील फ्रेमसाठी वापरू लागले. कडा गुळगुळीत करण्यासाठी, प्रकाश आणि सावल्या स्थिर दिसण्यासाठी आधीच्या चित्रांची आठवण ठेवणे स्वस्त आणि परिणामकारक ठरले. पण आधीची फ्रेम तर शेजारच्या कार्डावर! ती पूर्ण होईपर्यंत थांबायचे, मग पुलावरून मागवून घ्यायची, तोवर वाचवलेला वेळ खर्ची पडलेला असे. फ्रेम स्वतंत्र असण्याची अट अशी मोडली. चित्रे जितकी सुंदर होत गेली, तितके त्यांचे तुकडे एकमेकांत गुंतत गेले.

१७/२०
२०१५ मध्ये विंडोज १० बरोबर ‘डायरेक्टएक्स १२’ आले आणि वाटणीची सूत्रे खेळ घडवणाऱ्यांच्या हाती देण्याची सोय झाली. ‘ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’ या खेळाने तर एएमडी आणि एनव्हिडिया या हाडवैऱ्यांची कार्डे एकाच जुवाखाली चालवून दाखवली. पण सूत्रांबरोबर ओझेही आले. दोन कार्डे बाळगणारे ग्राहक मूठभर. त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने वेगळे परिश्रम कोण घेणार? बहुतेकांनी घेतले नाहीत. २०१९ च्या ‘आरएक्स ५७००’ कार्डांत क्रॉसफायर नव्हते. एनव्हिडियाने २०२० मध्ये आणलेल्या घरगुती कार्डांपैकी केवळ ‘आरटीएक्स ३०९०’ ला जोडणीची सोय उरली. २०२२ च्या ‘४०९०’ मधून तीही गेली.

१८/२०
तरीही जोडी मोडली असे म्हणता येत नाही, कारण तिने मध्येच शेत बदलले होते. २०१२ मध्ये टोरंटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांना सुमारे १२ लाख छायाचित्रांवरून वस्तू ओळखणारे न्यूरल नेटवर्क शिकवायचे होते. त्यात ६ कोटी बदलती मूल्ये होती. एका ‘जीटीएक्स ५८०’ कार्डाची ३ गिगाबाइट मेमरी त्याला पुरेना. म्हणून त्यांनी खेळांसाठी विकली जाणारी तशी दोन कार्डे घेतली आणि नेटवर्क दुभागले. दोन्ही अर्धांनी एकमेकांशी ठरावीक थरांतच बोलायचे, एरवी आपापले काम करायचे, असा नियम घातला. पाच-सहा दिवसांत शिक्षण पूर्ण झाले. स्पर्धेत त्यांची चूक १५.३ टक्के निघाली; दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के होती.

१९/२०
या दोन प्रयोगांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. खेळात चित्र आधी रचले जाई आणि वाटणी मागाहून बळेच लादली जाई. टोरंटोत कामच असे रचले की वाटणी त्याच्या अंगात असावी. आणि येथे प्रत्येक फ्रेम काही मिलिसेकंदांत डोळ्यांपुढे आणण्याचे बंधन नव्हते. अशा कामांची मागणी वाढली तसे पूलही रुंदावले. एसएलआयच्या मूळ पुलावरून सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट माहिती जाई. २०१६ मध्ये एनव्हिडियाच्या ‘पी१००’ चिपेसोबत आलेल्या ‘एनव्हीलिंक’वरून दोन्ही दिशा मिळून १६०, आणि २०२० च्या ‘ए१००’ मध्ये ६००. घरगुती संगणकातला पूल मोडला जात असताना प्रयोगशाळांत त्याचे महामार्ग होत होते.

२०/२०
त्यातील एक महामार्ग पुण्यातून जातो. ‘सी-डॅक’ ही संस्था १९८८ पासून तेथे आहे. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ घडवला, तोही एका बलाढ्य प्रोसेसरवर विसंबून नव्हे, तर अनेक छोट्या प्रोसेसरांत काम वाटून. तिच्याच ‘परम सिद्धी-एआय’ने नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ वा क्रमांक मिळवला. त्याच्या एकेका पेटीत एनव्हीलिंकने जोडलेल्या आठ ए१०० चिपा आहेत. घरगुती एसएलआयला निरोप देणारी सूचना आणि ही यादी यांत जेमतेम दोन महिन्यांचे अंतर. बैल तेव्हाही तगडे होते, आताही आहेत. जोडी कोठे टिकेल आणि कोठे मोडेल, हे मात्र दोन्ही वेळा जमिनीनेच ठरवले.